पस्तीस सेंटांची तबकडी

२ जुलै १९३५. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरच्या १७७६ क्रमांकाच्या इमारतीतल्या स्टुडिओत सात वादक आणि एक गायिका जमली होती. गायिकेचं वय वीस. दिवसभरात चार गाणी उरकायची होती. वाद्यमेळाची रचना कुणी लिहून आणली नव्हती. प्रकाशकाकडून आलेले गाण्याचे छापील कागद, कोण कुणाच्या आधी वाजवणार याची तोंडी ठरवाठरव, एखादी उजळणी आणि लगेच मुद्रण, अशी कामाची पद्धत होती. क्लॅरिनेटवर बेनी गुडमन होता. त्याला दुसरीकडे जायची घाई होती, म्हणून तीन गाणी वाजवून तो निघून गेला आणि चौथं त्याच्याविनाच झालं. ट्रम्पेटवर रॉय एल्ड्रिज, टेनर सॅक्सोफोनवर बेन वेबस्टर, गिटारवर जॉन ट्रूहार्ट, बासवर जॉन कर्बी, ड्रम्सवर कोझी कोल आणि पियानोवर टेडी विल्सन. तबकडीवर मोठ्या अक्षरांत नाव छापलं गेलं ते विल्सनचं, 'अँड हिज ऑर्केस्ट्रा' अशा रुबाबदार शेपटासह. खाली बारीक अक्षरांत गायिका: बिली हॉलिडे.

सात जणांच्या मेळाला ऑर्केस्ट्रा म्हणणं ही धंद्याची रीत होती. तो मेळ सात जणांचाच का होता, याचं उत्तरही धंद्यातच सापडतं.

अमेरिकेत १९२७ मध्ये दहा कोटींवर तबकड्या विकल्या गेल्या होत्या. १९३२ मध्ये तो आकडा साठ लाखांवर आला असं सांगतात. मंदी होतीच, त्यात रेडिओवर गाणी फुकट ऐकू येऊ लागली होती. कंपन्या बुडाल्या, एकमेकींत विलीन झाल्या. हा धंदा पुन्हा उभा राहिला तो ज्यूकबॉक्समुळे. डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदी उठली, गल्लोगल्ली बार उघडले आणि नाणं टाकलं की गाणं वाजवणारी पेटी प्रत्येक बारला हवीशी झाली. पेटीत सतत नवा माल लागे. सिनेमातलं किंवा नाटकातलं गाणं गोऱ्या लोकांच्या मोठ्या बँडने गाजवलं की तेच गाणं हार्लेमच्या, शिकागोच्या दक्षिण भागातल्या पेट्यांना काळ्या कलावंतांच्या ढंगात हवं असे. त्यासाठी मोठा बँड, त्याची लिहून घेतलेली वाद्यरचना, तालमी असला खर्च ब्रन्सविक कंपनी करणार नव्हती. सहा-सात उत्तम वादक ठरावीक रकमेवर बोलवा, एक गायिका बोलवा, तीन तासांत चार बाजू भरून घ्या, असा साधा हिशेब होता.

जॅझ संगीतातलं सर्वांत मोकळं, सर्वांत ताजं गाणं या कंजुषीतून जन्माला आलं, असं माझं मत आहे. रचनाकाराला पैसे द्यायचे नाहीत म्हणून रचना नाही, आणि रचना नाही म्हणून वादकांना मोकळं रान.

बिलीला शोधून काढलं ते जॉन हॅमंडने. हॅमंड म्हणजे व्हँडरबिल्ट घराण्याचा नातू. गडगंज श्रीमंत, शिक्षण अर्धवट सोडलेला, आणि काळ्यांच्या संगीतासाठी वेडा झालेला. १९३३ च्या सुरुवातीला तो हार्लेममध्ये १३३व्या रस्त्यावरच्या एका क्लबात मोनेट मूर या गायिकेला ऐकायला गेला, आणि तिच्याऐवजी त्याच्या कानांवर पडली ही मुलगी. लंडनच्या 'मेलडी मेकर' साप्ताहिकासाठी तो लिहीत असे. तिथे त्याने लगोलग तिच्याविषयी लिहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने तिला स्टुडिओत आणलं.

त्या नोव्हेंबरातल्या दोन तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. २४ तारखेला हॅमंडने बेसी स्मिथचं मुद्रण केलं. ब्लूजची सम्राज्ञी म्हणून वीसच्या दशकात तिची तबकडी घरोघरी पोचली होती, पण हे तिचं शेवटचं मुद्रण ठरलं. तीनच दिवसांनी, २७ तारखेला, बिली हॉलिडेचं पहिलं. बिली वाढली बाल्टिमोरमध्ये, आणि तिथे कुंटणखान्यातल्या ग्रामोफोनवर तिने बेसी आणि लुई आर्मस्ट्राँग ऐकले होते. तिची शाळा म्हणायची तर तीच. बेसीचा भरदार आवाज आणि आर्मस्ट्राँगची भावना आपल्याला हवी होती, असं ती पुढे सांगे. भरदार आवाज काही तिला मिळाला नाही. जेमतेम सव्वा सप्तकात फिरणारा, थोडा नाकातून येणारा, कडा धारदार असलेला तो गळा होता. त्या पहिल्या तबकडीत ती घाबरलेली आहे, सूर वरच्या पट्टीत ताणलेले आहेत, आणि गुडमनचा मेळ तिच्या अंगावर धावून आल्यासारखा वाजतो. तिच्याच सांगण्यानुसार तिला पस्तीस डॉलर मिळाले. डिसेंबरात आणखी एक गाणं झालं, आणि त्यानंतर दीड वर्ष तिची एकही तबकडी निघाली नाही.

म्हणून खरी सुरुवात त्या जुलैच्या दिवसापासूनच धरायची.

टेडी विल्सनला ती सुरुवातीला फारशी भावली नव्हती, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितलं. त्याच्या कानाला एला फिट्झजेराल्ड जास्त पटे, आणि १९३६ च्या मार्चमध्ये त्याने एलाकडून दोन गाणी गाऊन घेतलीही. विल्सन स्वतः नीटनेटका माणूस. वडीलधारी मंडळी टस्कीगीच्या प्रसिद्ध कृष्णवर्णीय विद्यालयात शिकवणारी, बोलणं मृदू, पोशाख चोख, आणि पियानोही तसाच. डाव्या हातात चालणाऱ्या दशम स्वरांच्या जोड्या, उजव्या हातात मोत्यांच्या सरीसारख्या ताना, कुठेही आदळआपट नाही. त्याच्या या ढंगाच्या मागे अर्ल हाइन्स उभा आहे, आणि हाइन्सच्या उमेदीच्या काळात शिकागोत ज्या पियानोवादकाचा दबदबा होता तो टेडी वेदरफर्ड. हा वेदरफर्ड आपल्या मुंबईला अनोळखी नाही. तीसच्या दशकात तो ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, आणि फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोव्याचे वादक त्याच्या मेळात तयार झाले. विल्सन ब्रॉडवेवर ही गाणी भरत होता तेव्हा त्याच्या परंपरेचा एक पूर्वज अपोलो बंदरावर साहेबलोकांना नाचवत होता. असो.

विल्सन आधी प्रकाशकांकडे जाऊन गाण्यांचे कागद चाळे, काही उचले, आणि बिलीबरोबर बसून पियानोवर ती गाणी बसवून घेई. तिला नोटेशन वाचता येत नव्हतं. एक-दोनदा ऐकलं की चाल तिच्या डोक्यात बसे, आणि बसता बसताच ती बदलायला लागे. त्यांच्या वाट्याला सगळी रद्दी गाणी आली आणि त्यांनी त्यांचं सोनं केलं, अशी दंतकथा जॅझच्या पुस्तकांत फार लाडकी आहे. ती अर्धीच खरी आहे. चांगली नवी गाणी आधी बड्या गोऱ्या गायकांकडे जात, हे खरं. पण विल्सनच्या यादीत अर्व्हिंग बर्लिन आहे, जेरोम कर्न आहे, डोरोथी पार्करचे शब्द असलेलं 'आय विश्ड ऑन द मून' तर त्या पहिल्याच दिवसातलं. ते बिंग क्रॉस्बीने सिनेमात गायलं होतं. खरी गंमत अशी की चांगलं गाणं आणि टाकाऊ गाणं यांत बिली भेदभाव करत नाही. दोघांनाही ती तेवढ्याच गंभीरपणे, आणि तेवढ्याच थट्टेने, हाताळते.

त्या दिवशीचं 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू' ऐका. लय द्रुत आहे. गुडमन क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकात सुरुवात करतो, मागे कोलचे ड्रम्स धावत असतात. त्या धावपळीत बिली येते ती जणू तिला कसलीच घाई नाही अशी. गाण्याच्या सुरुवातीला नुसते उद्गार आहेत. ते तिने लयीच्या मागे रेलून असे काही लांबवले आहेत की मेळ पुढे पळतो आहे आणि ती मागून सावकाश चालत येते आहे असं वाटावं. आणि तरी ओळ संपते तेव्हा ती समेवर हजर असते. आपल्याकडे आडलयीचं काम ऐकून तयार झालेल्या कानाला हे चटकन कळेल. पण तिथल्या लोकप्रिय गाण्यात त्या वेळी चाल छापली असेल तशी, मात्रेवर मात्रा टाकून गायची रीत होती. प्रकाशकांच्या माणसांना हे असलं गाणं खपत नसे. चाल मोडली, अशी त्यांची तक्रार.

चाल ती मोडतेच. छापील चालीतले उंच-सखल भाग ती सपाट करते, पाच स्वरांचं काम दोन स्वरांत भागवते. गळ्याचा पल्ला लहान म्हणून ही सोय, असं कुणी म्हणेल. पण ऐकल्यावर कळतं की चाल सपाट झाल्यामुळे शब्द उठून दिसतात, आणि ती स्वरांऐवजी काळाशी खेळू शकते. वाद्य वाजवणारा जसा गाण्याचा नवा चेहरा शोधतो तशीच ती शोधते. तीन मिनिटांच्या तबकडीत तिच्या वाट्याला येणार एक आवर्तन, बत्तीस मात्राखंडांचं. आधी कुणी वादक चाल मांडणार, मग ही, मग आणखी दोघे-तिघे. म्हणजे ती मुख्य आणि बाकीचे साथीदार असा प्रकारच नाही. ती रांगेतली एक. लेबलवरची बारीक अक्षरं तिच्यावर अन्याय करणारी खरी, पण त्या रांगेत उभं राहण्यानेच ती घडली.

मुद्रणाची रीतही बघण्याजोगी होती. मेणाच्या जाड चकतीवर सुई थेट खोदत जाई. मायक्रोफोन बहुधा एकच. गायिका जवळ, पियानोचं झाकण उघडं, ट्रम्पेटवाला दूर, ड्रम्सवाला त्याहून दूर. आवाजाचा तोल माणसं हलवून साधायचा. मध्ये थांबणं नाही, जोडकाम नाही. दहा इंची तबकडीत जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. कुणाचा सूर घसरला की सगळं पहिल्यापासून. शिवाय मेणावर सुई फिरवून लगेच ऐकायचं म्हटलं तर ती चकती खराब होई, त्यामुळे जे झालं ते कसं झालं याचा अंदाज आठवणीवरूनच करायचा. याच मापाच्या तबकडीत त्याच सुमारास आपले ख्यालगायक एकेक राग कोंबत होते, तेव्हा या तीन मिनिटांची सक्ती काय असते हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

१० जुलै १९३६ रोजी पहिल्यांदा तबकडीवर बिलीचं नाव मोठ्या अक्षरांत आलं. कंपनी तीच, पण शिक्का व्होकॅलियनचा. ब्रन्सविकची तबकडी पंच्याहत्तर सेंटांना, व्होकॅलियनची पस्तीसला. तिला स्वतःच्या नावावर स्वस्त माल दिला गेला, असंही म्हणता येईल. तिच्यासाठी तिथे भांडणारा माणूस बर्नी हॅनिगन, स्वतः गीतकार. त्या दिवशी ट्रम्पेटवर बनी बेरिगन आणि क्लॅरिनेटवर आर्टी शॉ, दोघेही गोरे. रंगमंचावर काळे-गोरे एकत्र बसायला अजून जवळजवळ मज्जाव होता. विल्सन गुडमनच्या त्रिकूटात लोकांसमोर बसला त्याला तीनच महिने झाले होते. स्टुडिओत कुणाचा रंग दिसत नसल्यामुळे तिथे ही बंधनं आधीच सैल झाली होती. चार बाजू भरायच्या आणि गाणी तीनच, म्हणून चौथी बाजू जागेवरच जुळवलेल्या ब्लूजने भरली. तेच 'बिलीज ब्लूज'. गर्शविनचं 'समरटाइम'ही त्याच दिवशीचं. ऑपेरासाठी लिहिलेलं ते गाणं बारच्या पेटीत जाऊन बसलं.

आणि मग लेस्टर यंग आला.

कॅन्सस सिटीच्या एका क्लबात वाजणारा काउंट बेसीचा बँड हॅमंडने १९३६ मध्ये शिकागोत मोटारीच्या रेडिओवर ऐकला आणि तो न्यूयॉर्कला येईपर्यंत हॅमंडला चैन पडलं नाही. त्या बँडच्या टेनर सॅक्सोफोनवर लेस्टर होता. त्याच्यावर दोन वर्षांपूर्वी एक प्रसंग गुदरला होता. फ्लेचर हेंडरसनच्या नामांकित बँडमध्ये कोलमन हॉकिन्सच्या जागी त्याला घेतलं गेलं, आणि सहकाऱ्यांनी कुरकुर सुरू केली की याचा आवाज हॉकिन्ससारखा जाड नाही. हेंडरसनची बायको त्याला हॉकिन्सच्या तबकड्या ऐकवायची, असं वाजव म्हणून. लेस्टरने ऐकलं, आणि तो बँड सोडून गेला. त्याचा आवाज हलका, कोरडा, थरथर जवळजवळ नसलेला. वाक्यं लांब, लयीच्या अलीकडे-पलीकडे सहज सांडणारी. म्हणजे सॅक्सोफोनवर तो तेच करत होता जे बिली गळ्याने करत होती. दोघं एकमेकांकडून शिकले, असा शोध घेण्यात अर्थ नाही. भेटले तेव्हा दोघंही तयार होते.

२५ जानेवारी १९३७. विल्सनने मुद्रणासाठी बेसीच्या बँडमधले लेस्टर, ट्रम्पेटवाला बक क्लेटन, बासवर वॉल्टर पेज आणि ड्रम्सवर जो जोन्स यांना बोलावलं. गिटारवर फ्रेडी ग्रीन होता, तो त्याच सुमारास बेसीकडे दाखल होत होता. क्लॅरिनेटवर गुडमन. या गिटार-बास-ड्रम्सच्या त्रयीमुळे पहिला फरक पडला. चारी मात्रांवर सारखा दाब, पण आवाज कुजबुजीएवढा. पायाखाली सतरंजी असावी तशी लय. कोझी कोलच्या धडधडीनंतर ही लय ऐकली की श्वास मोकळा होतो.

त्या दिवशीचं 'धिस इयर्स किसेस' हे बर्लिनचं सिनेमातलं गाणं. गाणं तसं बेतास बात. आधी लेस्टर संपूर्ण आवर्तन वाजवतो. चाल जवळजवळ सरळ ठेवतो, फक्त ओळींच्या टोकांना किंचित ओढ देतो, काही स्वर गिळतो. मग बिली गायला लागते, आणि ऐकणारा चमकतो. आत्ता सॅक्सोफोनने जे सांगितलं तेच वाक्य पुढे चालू आहे. तिने कुठे श्वास घेतला, कुठे स्वर सोडून दिला, हे सगळं त्याच्या वादनाच्या हिशेबात बसतं. गायिका बावीस वर्षांची नव्हती अजून, आणि वादक सत्तावीस.

पाच आठवड्यांनी, १ मार्चला, बिलीचा बाप क्लॅरेन्स हॉलिडे टेक्सासमध्ये डॅलसला मेला. तो हेंडरसनच्या बँडमधला गिटारवाला. तिच्या लहानपणीच घर सोडून गेलेला. पहिल्या महायुद्धात फुप्फुसं खराब झालेली, त्यात दक्षिणेत काळ्या माणसाला वेळेवर उपचार मिळणं मुश्कील. वर्णभेदाने बापाला मारलं, ही गोष्ट तिने शेवटपर्यंत मनात धरली. त्याच महिन्यात ती बेसीच्या बँडबरोबर दौऱ्यावर निघाली, बसमध्ये झोपत, तिच्या आठवणीप्रमाणे दिवसाला चौदा डॉलरवर. लेस्टर काही काळ हार्लेममध्ये तिच्या आईच्या घरी राहायलाच आला. त्याने तिला 'लेडी डे' केलं, तिने त्याला 'प्रेझ', म्हणजे प्रेसिडेंट. प्रेमप्रकरणाच्या वावड्या पुष्कळ उठल्या. मैत्री होती, एवढं धरून चालावं.

बेसीच्या बँडची गायिका असूनही ती बेसीबरोबर स्टुडिओत गाऊ शकली नाही. बेसी डेका कंपनीशी बांधलेला, ती ब्रन्सविक-व्होकॅलियनशी. त्या बँडबरोबरची तिची तीनच गाणी उरली आहेत, तीही रेडिओवरच्या प्रक्षेपणातून कुणी टिपून ठेवली म्हणून. करारांच्या या अडवणुकीला आपण दुवाच दिली पाहिजे. मोठ्या बँडबरोबर गायची सोय असती तर कंपनीने कदाचित तेच केलं असतं. तसं झालं नाही म्हणून त्या बँडमधले निवडक पाच-सहा जण आणि ती, असा मेळ पुन्हा पुन्हा जमत राहिला.

१९३७ चा उन्हाळा या सगळ्याचा कळस. मे महिन्यात 'मीन टू मी'. १ जूनला 'ईझी लिव्हिंग', 'फूलिन मायसेल्फ'. १५ जूनला 'मी, मायसेल्फ अँड आय' आणि 'अ सेलबोट इन द मूनलाइट'. यातलं शेवटचं मुद्दाम बघू. हे गाय लोंबार्डोच्या बँडचं गाणं. लोंबार्डो म्हणजे त्या काळातला गोडगोड, साखरपाकी संगीताचा बादशहा. गाणं त्याचा भाऊ कार्मेन याने रचलेलं. चांदणं, होडी, तू आणि मी, एवढाच ऐवज. जॅझवाल्यांनी नाक मुरडावं असा माल. बिली त्याची टिंगल करत नाही. ती ते गाणं हसऱ्या तोंडाने, खरं मानून गाते, आणि मागे लेस्टर बोलत राहतो. संगत म्हणजे गाणाऱ्याने जागा सोडली की भरायची, हा नेहमीचा शिरस्ता. लेस्टर तिच्या ओळींच्या फटीत वाजवतो, तिच्या ओळींच्या खालीही वाजवतो, आणि तरी एकदाही तिच्या शब्दांवर पाय देत नाही. ती स्वर खाली सोडते तेव्हा तो वर चढतो. ती थांबते तिथे त्याचं वाक्य अर्धं झालेलं असतं, ते तो सावकाश पुरं करतो. हे आधी ठरवून होत नाही. ठरवायला वेळही नव्हता.

पुढच्या जानेवारीतलं 'व्हेन यू आर स्मायलिंग' हे लेस्टरच्या तुकड्यासाठी वादक मंडळी पाठ करतात. त्यात बिली आहे, हे काही जण विसरतात. मला मात्र तिथे दोघांत डावं-उजवं करता येत नाही.

पैशाचं काय? वादकांना आणि गायिकेला मुद्रणाचे ठरलेले पैसे हातावर. रॉयल्टीचा करारच नव्हता. पेटीत नाणी पडत राहिली, त्यातलं यांच्याकडे काही आलं नाही. बेसीची तरी वेगळी कथा कुठे होती? डेकाने त्याला वर्षाला चोवीस बाजूंचे मिळून साडेसातशे डॉलर असा करार गळ्यात घातला होता, तोही रॉयल्टीविना. बिलीला रॉयल्टीचा शब्द पहिल्यांदा मिळाला तो १९४४ मध्ये डेकाशी करार केल्यावर. तोपर्यंत जुन्या कंपनीतल्या कामाचे जवळजवळ दीडशे तुकडे विकून झाले होते. संगीतप्रेमी हॅमंडनेही या बाबतीत कंपनीशी फार भांडण मांडलं नाही. त्याच्या मोठेपणाची चर्चा करताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही.

१९३८ मध्ये ती बेसीला सोडून आर्टी शॉच्या गोऱ्या बँडबरोबर गेली. दक्षिणेतल्या दौऱ्यात काय काय सोसावं लागलं ते एक, पण खुद्द न्यूयॉर्कच्या लिंकन हॉटेलात, जिथे त्या बँडची मुख्य गायिका म्हणून तिचं नाव लागलं होतं, तिथे तिला सामानाच्या लिफ्टने जायला सांगितलं. ती निघून आली. त्या वर्षअखेरीस ग्रीनिच व्हिलेजमध्ये कॅफे सोसायटी उघडलं, काळ्या-गोऱ्या प्रेक्षकांना शेजारी शेजारी बसवणारं. तिथे तिने एबेल मीरोपोल या शिक्षकाचं, दक्षिणेत झाडांना टांगलेल्या काळ्यांच्या प्रेतांवरचं 'स्ट्रेंज फ्रूट' गायला सुरुवात केली. तिच्या कंपनीने ते भरायला नकार दिला, आणि एका दिवसापुरती मोकळीक दिली. २० एप्रिल १९३९ रोजी मिल्ट गेबलरच्या छोट्या कमोडोर कंपनीने ते मुद्रित केलं.

त्या गाण्याचं मोल कमी करण्याचा माझा इरादा नाही. अमेरिकेच्या इतिहासात त्याची जागा पक्की आहे. पण त्याने बिलीचं गाणं बदललं, हेही खरं. ज्याने तिला शोधलं त्या हॅमंडचं तर म्हणणं होतं की कलेच्या दृष्टीने हे गाणं तिच्या वाईटावर आलं. मी इतकं टोकाचं म्हणणार नाही. झालं असं की ती रांगेतून बाहेर आली आणि दिव्याखाली उभी राहिली. लय मंदावली, गाणी दुःखाची झाली, वादक मागे सरकले. सॅक्सोफोनांची लिहून दिलेली गादी तिच्या आवाजाखाली अंथरली जाऊ लागली. १९४१ मधलं 'गॉड ब्लेस द चाइल्ड' आणि 'ग्लूमी संडे' त्या नव्या रीतीची. सुंदर आहेत. पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लेस्टरबरोबर गायलेलं 'ऑल ऑफ मी' लावलं की कळतं, आधी काय होतं.

या कंपनीसाठीचं शेवटचं मुद्रण १० फेब्रुवारी १९४२ चं. १ ऑगस्टला अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने मुद्रणावर बहिष्कार टाकला. पुढे बिली डेकासाठी गाऊ लागली ती व्हायोलिनांच्या ताफ्यासह. पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं, कारण चित्रपट आणि चरित्रं तेच सांगतात: हेरॉइन, १९४७ ची अटक, तुरुंग, न्यूयॉर्कच्या क्लबांत गायचा परवाना रद्द, मारकुटे पुरुष. १५ मार्च १९५९ ला लेस्टर गेला, १७ जुलैला ती, चव्वेचाळीसाव्या वर्षी, आणि रुग्णालयातल्या खाटेवरही तिच्यावर पोलिसांचा पहारा होता. या कहाणीच्या वजनाखाली लोक तिचं शेवटचं, फाटलेल्या आवाजातलं गाणं शोधत जातात आणि रडून घेतात. त्या गाण्यांतही ताकद आहे. पण तिचं सगळं गाणं म्हणजे वेदना, असा जो समज रूढ झाला आहे तो १९३५ ते ३८ मधल्या गाण्यांपुढे टिकत नाही. तिथे एक खट्याळ, हजरजबाबी, आपल्या कामात पारंगत पोरगी आहे, आणि भोवती तिच्या तोडीचे लोक आहेत.

कोलंबिया कंपनीने २००१ मध्ये हे सगळं काम दहा सीडींच्या संचात एकत्र आणलं, टाकून दिलेले पर्यायी टेकही त्यात घेतले. आज ते मोबाइलवर विनासायास मिळतं. सगळं ऐकायचा उत्साह नसेल तर आधी 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू' ऐका, मग 'धिस इयर्स किसेस', मग 'अ सेलबोट इन द मूनलाइट'. तिन्ही मिळून दहा मिनिटांच्या आत आटोपतात. तिसरं गाणं दुसऱ्यांदा लावा तेव्हा बिलीकडे लक्ष देऊ नका, फक्त तिच्या मागच्या सॅक्सोफोनकडे द्या. 'स्ट्रेंज फ्रूट' त्यानंतर.